चांदी वर आली, खलाशी तळाशीच

८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चांदीच्या २,३६४ लगडींविषयी निकाल दिला. समुद्रतळातून काढलेली ही चांदी कोणाची, आणि ती वर काढणाऱ्या कंपनीला तिच्या मालकावर मेहनतान्यासाठी दावा लावता येतो काय, असा तो वाद होता. चांदीची किंमत तीन कोटी पौंडांहून अधिक असल्यामुळे तेथील वृत्तपत्रांनी तो आकडा ठळकपणे छापला. आपल्याकडे त्या निकालाची फारशी कोणी दखल घेतली नाही. वस्तुतः तो खटला मुंबई बंदरातून निघालेल्या एका आगबोटीचा होता.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'तिलावा' ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे व तेथून दरबानकडे जाण्यासाठी निघाली. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी व इतर कर्मचारी आणि चार तोफची होते. माल ठेवण्याच्या भागात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेली सुमारे साठ टन चांदी होती. २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला आणि थोड्या वेळाने दुसरा मारला. आगबोट बुडाली, २८० माणसे गेली. उरलेल्यांना बहुतांशी 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने उचलले. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०१७ साली, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून ती चांदी यंत्रांच्या साहाय्याने वर काढण्यात आली. मग तीन न्यायालयांतून वाद चालला आणि अखेर चांदीवर दक्षिण आफ्रिकेचे सार्वभौम संरक्षण मान्य झाले.

न्यायालयाशी माझे भांडण नाही. कायद्याने जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. माझे म्हणणे एवढेच आहे, की लगडींची संख्या, त्यांचा खरेदीदार, त्यांचा विमा, त्यांचे बंदर, त्यांचा मुक्काम या सर्वांचा हिशेब ऐंशी वर्षांनंतरही न्यायालयात सादर करता आला, कारण तो कोणीतरी जपून ठेवलेला होता. त्या आगबोटीवरच्या खलाशांचा असाच हिशेब मागण्याची इच्छा महाराष्ट्रात कोणाला झाली? राज्यकर्त्यांना झाली नाही हे समजू शकते. आपल्याला, श्रमिकांच्या नावाने पक्ष, संघटना आणि साप्ताहिके चालवणाऱ्यांना, ती का झाली नाही?

नोव्हेंबर १९४२ म्हटले, की या पानाच्या वाचकाला हजारीबागच्या तुरुंगाची भिंत आठवते. दिवाळीच्या रात्री जयप्रकाश ती भिंत ओलांडून गेले, त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने 'तिलावा' बुडाली. पहिली घटना आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. दुसरी शंभरातल्या एकालाही ठाऊक नसावी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर मरण पावलेल्या भारतीय खलाशांचा सर्वसाधारणपणे दिला जाणारा आकडा ६,६०० च्या आसपास आहे. पकडले गेलेले बाराशेच्या वर, जखमी हजारावर. पहिल्या महायुद्धातले सुमारे साडेतीन हजार मृत वेगळेच. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा दर चौथा खलाशी भारतीय उपखंडातला होता. म्हणजे त्या साम्राज्याचा धान्यसाठा, तेल, दारूगोळा आणि सैन्य यांची एक चतुर्थांश वाहतूक ज्यांच्या हातांनी झाली, ती माणसे रत्नागिरी-कुलाब्याची, गोव्या-दमणची, काठियावाडची, सिल्हेटची आणि पंजाबची होती.

त्यांना काय मिळत होते? १९३९ साली त्यांतल्या साध्या खलाशाला महिना पंचवीस रुपयांच्या आसपास, त्याच कामाच्या ब्रिटिश खलाशाला त्याच्या चौपट ते पाचपट. करारही वेगळा, त्याला 'लास्कर' करार म्हणत. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने जहाजावर झोपण्याच्या जागेचे मापसुद्धा ठरवून दिले होते. गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट, भारतीयाला ३६. पुढे १९०६ साली गोऱ्यासाठी ते १२० झाले, भारतीयाचे तेथेच राहिले. थंडीत उत्तर अटलांटिकमधून जाणाऱ्या जहाजावर हा माणूस भट्टीसमोर आगवाला म्हणून किंवा वाऱ्यात डेकवर उभा असे. त्याला जागा कमी का लागते, हे कोणी सांगत नसे. वेतनाचे समर्थन मात्र अर्थशास्त्राच्या भाषेत केले जाई. त्याचे राहणीमान कमी आहे, त्याच्या गरजा कमी आहेत, तो आपल्या देशातल्या मजुराहून अधिकच मिळवतो. मी पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, आणि हा युक्तिवाद आजही नव्या कपड्यांत वर्गात येतो हे जाणतो. परंतु ज्या ॲडम स्मिथच्या नावाने बाजाराची पूजा बांधली जाते, त्याने 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पहिल्याच खंडात खलाशांचा विचार केलेला आहे. धोक्याच्या कामाला अधिक वेतन मिळायला हवे, पण समुद्राच्या बाबतीत तसे घडत नाही, कारण साहसाचे आकर्षण तरुणांना तिकडे ओढते, असा त्याचा आशय आहे. स्मिथला कोकण ठाऊक नव्हते. दापोली-मंडणगडचा तरुण साहसासाठी आगबोटीवर गेला नाही. खोताचे देणे, भाताची तीन महिन्यांची बेगमी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांनी त्याला तिथे नेले.

आता मृत्यूचा हिशेब पाहा. त्याच १८९४ च्या कायद्याचे एक कलम असे होते, की जहाज फुटले अथवा बुडाले म्हणजे खलाशाची नोकरी त्या क्षणी संपली, आणि वेतन त्या क्षणापर्यंतचेच. पुढे १९२५ साली वाचलेल्यांसाठी थोडी सवलत आली, युद्धाच्या मध्यावर ब्रिटिश खलाशांची स्थिती आणखी सुधारली. परंतु जो पाण्यात गेला त्याचे घड्याळ जहाजाबरोबरच थांबले. मालाचे मात्र तसे नव्हते. १९४० साली हिंदुस्थान सरकारने युद्धजोखमीपासून मालाचा विमा उतरवण्यासाठी खास वटहुकूम काढला, १९४२ साली कारखान्यांसाठी दुसरा. गोदामातली कापसाची गासडी आणि गिरणीतला साचा यांचे मूल्य सरकारने आपल्या हमीखाली घेतले. भारतीय खलाशांच्या वारसांसाठीही योजना निघाली हे खरे, पण ती वेगळी योजना, वेगळ्या दरांची. जिवंतपणी ज्याचे मोल पाचव्या हिश्शाने केले, त्याच्या विधवेचे मोल त्याच मापाने होणार, यात आश्चर्य ते काय?

येथे एक गोष्ट सांगतो, कारण आकड्यांच्या मागे घर असते. मी राहतो त्या अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत, रसायनाच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. मूळचे दापोली तालुक्यातले, कोकणी मुसलमान. त्यांच्या घरात पत्र्याची एक गंजलेली नळी आहे. खलाशी आपल्या नोकरीच्या दाखल्यालाच 'नळी' म्हणत, कारण तो कागद अशा नळीत गुंडाळून ठेवीत. हिच्यातला कागद केव्हाच गेला. पणजोबा तांडेल होते, लढाईत गेले, एवढेच घरात माहीत. जहाजाचे नाव नाही, तारीख नाही, समुद्र कोणता तेही नाही. पणजीपुढे पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, असे ते म्हणाले. इद्दत कोणत्या दिवसापासून मोजायची, हा होता. बातमी आली ती मनीऑर्डर येण्याची थांबली या रूपाने; कोणी म्हणे पकडले गेले असतील, कोणी म्हणे दुसऱ्या बोटीवर चढले असतील. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मेला असे धरण्याची तरतूद होती. ती बाई सात वर्षांहून अधिक काळ बाणकोटच्या खाडीकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारीत राहिली. जमिनीची वाटणी अडली, मुलीचे लग्न अडले.

या माणसांविषयी आपल्या गोटात दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही मी बैठकांतून ऐकलेले आहेत.

पहिला असा, की हे साम्राज्याचे नोकर. स्वातंत्र्यलढा जोरात असताना ब्रिटिश जहाजांवर राबत होते, त्यांचे स्मरण आपण का करावे? या आक्षेपाचे उत्तर सप्टेंबर १९३९ ने दिलेले आहे. युद्ध पुकारल्यावर काही दिवसांतच ब्रिटनच्या बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवरील भारतीय खलाशांनी दुप्पट वेतन व युद्धबोनस मिळाल्याशिवाय जहाज हलवणार नाही असे सांगितले. संप दक्षिण आफ्रिका, ब्रह्मदेश आणि ऑस्ट्रेलियाच्या बंदरांपर्यंत पसरला. लंडनमध्ये सुरत अली, कलकत्त्यात आफताब अली अशा नेत्यांनी तो उचलून धरला. ब्रिटिश न्यायाधीशांनी शेकडो खलाशांना करारभंगाबद्दल तुरुंगात धाडले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी युद्धाच्या प्रश्नावर राजीनामे दिले ते ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये. म्हणजे मुंबईत मंत्री खुर्च्या सोडण्याचा विचार करीत होते, तेव्हा परक्या देशात, परक्या भाषेत, घरापासून हजारो मैलांवर या निरक्षर माणसांनी साम्राज्याचे जहाज धक्क्याला अडकवून ठेवले होते. युद्धातील हा पहिला भारतीय असहकार होता असे मी म्हणेन. त्याचे स्मरण आपण करीत नाही. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावाचे करतो, कुलाब्याला त्याचे स्मारकही आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु गणवेश घातलेल्या नाविकाचा उठाव हे बंड, आणि गणवेश नसलेल्या खलाशाचा संप ही पगाराची कटकट, असा भेद समाजवाद्याने करावा काय?

दुसरा आक्षेप अधिक साळसूद आहे. तो म्हणतो, हे लोक विखुरलेले होते, संघटित नव्हते, म्हणून इतिहासात आले नाहीत. हे साफ खोटे आहे. मुंबईत खलाशांच्या संघटना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून काम करीत होत्या. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे दिनकर देसाई, ज्यांना कानडी वाचक कवी म्हणून ओळखतो, त्यांनी मुंबईच्या खलाशांमध्ये काम केले आणि १९४० साली भारतातील सागरी श्रमिकांवर इंग्रजीत एक सबंध पुस्तक लिहिले. भरतीतली लाचखोरी, सारंगाची आणि दलालाची टक्केवारी, महिनोन्महिने बेकार बसून काढलेले मुंबईतले दिवस, हे सारे १९२२ च्या सरकारी समितीपासून १९३१ च्या व्हिटले आयोगापर्यंत नोंदले गेलेले आहे. साहित्य होते; आपण ते पाहिले नाही. खरे कारण वेगळे आहे आणि ते बोलायला आपण कचरतो. मराठी कामगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणगाव येते. घाटावरून आणि तळकोकणातून आलेला, भजनी मंडळ आणि तमाशा यांच्याशी नाते सांगणारा गिरणी कामगार आपल्या साहित्याचा, आपल्या चळवळीचा नायक झाला. डेकवरचा कोकणी मुसलमान, जेवणघरातला गोव्याचा ख्रिस्ती, धोबीतलावच्या कूडमध्ये पाळीची वाट पाहणारा, दीवचा खारवी, भट्टीवरचा सिल्हेटी, हे त्या चित्रात बसले नाहीत. त्यांची भाषासुद्धा सर्व किनाऱ्यांची मिसळ होती. फाळणीनंतर त्यांतले अर्धे परके नागरिक झाले, तेव्हा तर विसरणे अधिकच सोपे झाले.

भांडवलदारांनी आपला इतिहास विसरू दिला नाही, हे लक्षात घ्या. ५ एप्रिल हा दिवस सरकार राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून १९६४ पासून साजरा करते. का? तर १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ब्रिटिश मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते, आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. पण त्या आगबोटीचे कोळसे कोणी ओढले? जानेवारी १९४२ च्या अखेरीस त्याच कंपनीच्या 'जलतरंग' व 'जलपालक' या बोटी बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवल्या. राष्ट्रीय भांडवलाची बोट बुडाली तरी मरणारा खलाशी तोच होता.

जुन्या लढाईतल्या मेलेल्यांची ही उस्तवार आता कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याने एखादा दिवस आनंदनगरच्या नाक्यावर उभे राहावे. नाव्हाशेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्या मोजाव्यात. आपल्या देशाचा परदेशी व्यापार वजनाने पाहिला तर सुमारे ९५ टक्के समुद्रावरूनच होतो. येथील रसायनाची पिंपे, औषधांची भुकटी, यंत्रांचे सुटे भाग कोठेतरी कोणत्या तरी जहाजावर चढतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा येथील लहान कारखानदारसुद्धा 'वॉर रिस्क' हा शब्द शिकले. जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास विम्याचा जादा हप्ता, दुप्पट-तिप्पट भाडे, दोन आठवड्यांचा उशीर. हे सारे दर त्यांच्या जिभेवर होते. ६ मार्च २०२४ रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर एडनच्या आखातात क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी ठार झाले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी; उरलेल्या एकवीस जणांना आपल्या 'कोलकाता' या युद्धनौकेने वाचवले. त्या दिवशी किती नुकसान झाले असे मी एका कारखानदारास विचारले, तेव्हा त्यांनी मला भाड्याचा आकडा सांगितला. ते दुष्ट नाहीत. त्यांना जो हिशेब ठेवायला शिकवले तो ते ठेवतात.

आणि हेही पाहा. १९३९ साली जी मागणी केल्याबद्दल खलाशी तुरुंगात गेले, ती आज आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेली आहे. मोठ्या जहाजमालकांचा गट आणि वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्या करारानुसार २०२४ मध्ये तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात जाणाऱ्या खलाशाला मूळ वेतनाइतका जादा भत्ता, मृत्यूची दुप्पट भरपाई आणि जाण्यास नकार देण्याचा हक्क मिळाला. दुप्पट वेतन आणि नकाराचा हक्क! ज्यांनी त्याची पहिली किंमत मोजली त्यांची नावे त्या करारात कशी असतील? मात्र हा करार सर्व जहाजांना लागू नाही. बदलापूर-उल्हासनगरचा बारावी झालेला मुलगा बोगस एजंटाला काही लाख रुपये मोजतो आणि पनामा किंवा असल्याच कुठल्या ध्वजाखालच्या जुनाट टँकरवर चढतो, त्याला ना करार ठाऊक ना मालक. १९२२ चा दलाल सारंगाच्या रूपात होता, आजचा मोबाईलवर असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मोजणीप्रमाणे २०२४ साली जगात ३१२ जहाजांवरचे तीन हजारांहून अधिक खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या, ८९९, भारतीयांची होती.

आमच्या या पट्ट्याने तरी हा विषय परका मानू नये. शेजारचे उल्हासनगर हे युद्धकाळातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत वसले. पाच कॅम्पांचे आकडे अजून लोकांच्या पत्त्यात आहेत. त्या छावणीतला शिपाई आणि त्याची रसद मुंबईच्या गोदीतून आली. पुढे सिंधी निर्वासितांतले अनेकजण कराचीहून आगबोटीनेच मुंबईला उतरले. त्या बोटींवर सारंग कोण, तांडेल कोण, आगवाले कोण होते?

लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचे भव्य स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे चोवीस हजार नावे तेथे ब्राँझवर कोरली आहेत. ज्यांचे थडगे समुद्र हेच आहे त्यांच्यासाठी ते आहे असे म्हणतात. भारतीय खलाशांसाठी मात्र ते नाही. त्यांची नावे नामावलीच्या ग्रंथात लिहून त्या ग्रंथाची एक प्रत चितगावला आणि एक मुंबईला ठेवण्यात आली. एकाच बोटीवर, एकाच टॉर्पेडोने मेलेल्या दोन माणसांपैकी एकाचे नाव राजधानीच्या उद्यानात आणि दुसऱ्याचे बंदराशेजारच्या एका खोलीत. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने २०२१ साली पहिल्या महायुद्धातील वसाहतींच्या मृतांना विषम वागणूक दिल्याची कबुली दिली आणि क्षमा मागितली. उत्तम. पण त्या क्षमेची वाट पाहत आपण बसलो होतो काय? मुंबईतली प्रत तर आपल्याच शहरात आहे.

म्हणून माझी सूचना रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील शाखांना आहे, आणि ती ठरावाच्या नव्हे, कामाच्या स्वरूपाची आहे. त्या ग्रंथातील नावे देवनागरीत उतरवून घ्या. जहाजाच्या कारकुनाने इंग्रजीत वाटेल तशी लिहिलेली नावे घरच्या माणसाला ओळखू येत नाहीत, म्हणून हे काम कोकणी, उर्दू आणि गोव्याची कोंकणी जाणणाऱ्या सोबत्यांबरोबर बसून करावे लागेल. जेथे गावाचा उल्लेख असेल तेथे ते नाव जहाज व तारखेसह त्या गावच्या ग्रामपंचायतीला व मशिदीच्या, देवळाच्या किंवा चर्चच्या मंडळींना द्या. आयोगाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत शोध घेता येतो, तरुण कार्यकर्त्यांनी तिथून आरंभ करावा. येत्या ५ एप्रिलला सरकारी समारंभ चालू असेल तेव्हा निदान एका बंदरात ही यादी मोठ्याने वाचली जावी; आणि त्याच दिवशी त्याच ठिकाणी, बोगस एजंटांनी फसवलेल्या मुलांच्या तक्रारी लिहून घेण्यासाठी एक टेबल मांडावे. आनंदनगरच्या त्या गृहस्थांना मी माझ्याबरोबर येण्याचे विचारले आहे. नामावली इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मध्य रेल्वेने मशीद स्थानकावर उतरावे, पूर्वेकडे गोदीच्या दिशेने चालत जाता येते.